निळं न होणारं मीठ

बरणीचं झाकण काठाला लागून खण्णकन वाजलं, आणि दुपारचं निजलेलं घर दचकल्यासारखं झालं. तिनं झाकण तसंच हवेत धरलं आणि कान दिला. आतल्या खोलीत सासूबाईंचं घोरणं थांबलं, कूस बदलल्याचा आवाज झाला, आणि मग घोरणं जिथून तुटलं होतं तिथून पुन्हा सुरू झालं. तिनं झाकण अलगद ओट्यावर ठेवलं, चमचाभर मीठ बशीत काढलं आणि पर्समधून अंगठ्याएवढी प्लास्टिकची बाटली काढून तिचा एक थेंब मिठावर सोडला.

थेंब जिरला. त्या जागी मीठ थोडं खचलं, ओलं झालं. बाकी पांढरं ते पांढरंच.

"नाही ना झालं?" ओट्याच्या कडेला हनुवटी टेकून उभी असलेली भिंगरी कुजबुजली.

"थांब जरा."

"शाळेत पण नव्हतं झालं."

"माहीत आहे गं बाई. मीच होते ना तिथे."

भिंगरी तिची लेक, पहिलीतली. पाय फुटल्यापासून एका जागी ठरली नाही म्हणून बापानं ठेवलेलं हे नाव शाळेच्या दाखल्यावरच्या नावाला केव्हाच गिळून बसलं होतं. पण आता मात्र ती ठरली होती. डोळे बशीवरून हलत नव्हते. आईनं बरणीत खोलवर चमचा घालून तळातलं मीठ काढलं. पुन्हा थेंब. पुन्हा तेच.

ती आरोग्य केंद्रात कामाला होती. मिठात किंचितसं आयोडीन मिसळायचं, असं सरकारनं ठरवून देशभर लागू केलं त्याला बरीच वर्षं झाली होती. ते घरोघरच्या बरणीपर्यंत पोचतंय की वाटेतच कुठे हरवतंय, हे पाहत फिरणं हे तिच्या वाट्याचं काम. शाळा गाठायची, मुलांना घरून चमचाभर मीठ आणायला सांगायचं आणि प्रत्येकाच्या मिठावर या बाटलीतला थेंब टाकायचा. आयोडीन असलं की मीठ जांभळट निळं होतं. नसलं की होत नाही. मुलांना ही जादू वाटे. आपल्या पुडीची पाळी येईपर्यंत ती बाकांवर चढून माना उंचावत.

आज सकाळी भिंगरीच्याच वर्गाची पाळी होती. आपली आई जादूवाली म्हणून भिंगरीनं आधीपासून भाव खाल्लेला. एकेक पुडी उघडत होती, निळी होत होती, पोरं टाळ्या पिटत होती. मग भिंगरीची पुडी आली आणि तिच्यावर काहीच झालं नाही.

"भिंगरी नापास!" मागून कुणीतरी ओरडलं.

"तिनं साखर आणली असेल!"

"चाटून बघ, चाटून!"

वर्गशिक्षिकेनं ओठ मुडपून हसू दाबलं. सोबत आलेल्या मोठ्या सिस्टरनं मात्र दाबलं नाही.

"काय गं, गावभर मिठावर व्याख्यान झोडत फिरतेस, आणि घरच्या बरणीनंच तोंडघशी पाडलं?"

सगळे हसले, तीही हसली. मग मोठ्या सिस्टरची नजर तिच्या पोटाकडे गेली आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं.

"पाचवा ना तुला?" त्यांनी हलक्या आवाजात विचारलं. "उरलेले वर्ग मी बघते. तू घरी जा. हे काय आहे ते आजच्या आज शोधून काढ."

म्हणून ती आज भरदुपारी घरात होती, आणि चोरासारखी स्वतःच्याच मिठाची झडती घेत होती.

"बाटलीच बिघडली असेल," भिंगरी म्हणाली.

हे मात्र पटण्यासारखं होतं. तिनं वाटी नि बाटली उचलली आणि समोरच्या दारावरची घंटा वाजवली. समोर शिवणकाम करणाऱ्या काकू राहत. गळ्यात टेप, ओठांत टाचण्या, अशा अवतारात त्यांनी दार उघडलं. टाचण्या काढून हातावर घेतल्या.

"मीठ संपलं? तुझ्या सासूच्या राज्यात? शक्यच नाही."

"संपलं नाही काकू. तपासायचंय."

"अगं बाई! आता आमच्या डब्यावर पण धाड का?" असं म्हणत त्यांनी वाटी भरून मीठ आणून दिलं आणि स्वतःही चष्मा कपाळावरून नाकावर घेऊन वाकल्या. थेंब पडला. क्षणात मिठावर जांभूळ चुरडल्यासारखा डाग उमटला.

"हे चांगलं की वाईट?" काकूंनी धास्तावून विचारलं.

"चांगलं. तुम्ही पास," भिंगरीनं निकाल दिला.

बाटली शाबूत होती. म्हणजे गोम घरातच होती. तिला भीती वाटली, पण त्याहून जास्त नवल वाटलं. घरात मीठ येत होतं ते पिशवीबंदच. पिशवीवर आयोडीनयुक्त असं ठळक छापलेलं ती स्वतः वाचून घेई. पूर्वी बारीक मीठ यायचं. दिवस राहिल्याचं कळलं तशा सासूबाई मोठ्या मुलीला घेऊन इथे मुक्कामाला आल्या. नवऱ्याची नोकरी फिरतीची, त्यामुळे त्यांचा मोठाच आधार झाला होता. आल्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं आणि तेव्हापासून मीठ खड्यांचं येऊ लागलं. जाडं मीठच चवीला खरं, असं त्यांचं म्हणणं. तेही पिशवीबंद, तोच छाप. मग?

न फोडलेली पिशवी वरच्या फळीवर होती. तिनं स्टूल ओढलं आणि एक पाय वर ठेवला.

"उतर! आधी खाली उतर!"

सासूबाई दारात होत्या. झोपेतून उठून तशाच आलेल्या, केस विसकटलेले. त्यांनी धावत येऊन तिचा दंड धरला. दुसऱ्या हातानं त्यांनी गळ्याभोवतीचा सुती रुमाल सवयीनं सारखा केला. तो रुमाल उन्हाळ्यातही त्यांच्या गळ्यावरून उतरत नसे. त्याखाली काय आहे ते तिनं लग्नानंतर एकदाच, ओझरतं पाहिलं होतं.

"किती वेळा सांगितलंय, वर चढायचं नाही म्हणून? मला उठवलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

"झोपला होतात, आई. आणि स्टूल तर गुडघ्याएवढंसुद्धा नाही."

"एवढंसंच असतं ते," त्या म्हणाल्या आणि तिच्याकडे न बघता त्यांनी लाटण्यानं पिशवी फळीवरून खाली ओढली. "काय चाललंय काय दोघींचं?"

"आजी, आपलं मीठ नापास झालं!"

"माझं मीठ?" सासूबाईंना हा वारच होता. "डोळे दिपतील असं शुभ्र मीठ आहे. या मजल्यावर कुणाच्या घरी दाखव असं."

तिनं पिशवी कापली. दोन खडे चमच्याच्या पाठीनं चुरडले, थेंब टाकला. निळं. गडद निळं.

तिघी बशीकडे बघत राहिल्या.

"पिशवीत पास, बरणीत नापास," भिंगरी म्हणाली.

"म्हणजे काय, मी पीठ कालवते की काय त्यात?" सासूबाई फणकाऱ्यानं चहाचं आधण ठेवायला वळल्या. "एक थेंब काय पडला, निघाल्या सासूची परीक्षा घ्यायला."

एवढ्यात तिच्या कुर्त्याची बाही कुणीतरी ओढली. ताई. सासूबाईंची थोरली, नवऱ्याची मोठी बहीण. चाळिशी उलटली होती, पण उंची शाळकरी मुलीएवढी. पावलं संथ, तळवे रुंद, आणि तोंडातून निघत ते मोजके दोन-तीन आवाज. कानाजवळ जाऊन मोठ्यानं बोललं तरच ऐकू जाई. भिंगरीची आत्या, आणि खरं सांगायचं तर भिंगरीची सगळ्यात जवळची मैत्रीण. डबाभर बटणं रंगांप्रमाणे लावायची, मोडायची, पुन्हा लावायची. एकच खेळ दोघी सकाळपासून संध्याकाळपर्यंत खेळत.

ताईंनी कापलेल्या पिशवीकडे बोट दाखवलं. मग दोन्ही तळवे एकमेकांवर घासले, जोरजोरात, जसं काही चोळून काढतात. मग न दिसणारं भांडं तिरकं करून ओतून दिलं. पुन्हा घासलं, पुन्हा ओतलं. आणि मग, या कामाचा मुख्य भाग आपलाच असल्यासारखं हसून, तिचा हात धरून तिला मागच्या गॅलरीत नेलं.

सकाळपासून ती गॅलरीत गेलीच नव्हती. तिथे उन्हात जुनी पांढरी चादर अंथरली होती, चादरीवर मीठ पसरलं होतं, आणि बाजूला ताईंचं बसायचं पाटासारखं बैठं आसन. ताईंनी हात हलवून कबुतरं कशी हाकलायची तेही करून दाखवलं.

"हं!" त्या अभिमानानं म्हणाल्या.

तिनं खाली वाकून चिमूटभर मीठ उचललं. कडा बोथट झालेले, लखलखीत खडे. ती कामावर असताना हे धुतलं जायचं, वाळायचं, कुटलं जायचं आणि ती परत यायच्या आत बरणीत भरलंही जायचं. कुणी लपवत नव्हतं. तिनं कधी विचारलं नव्हतं, एवढंच.

"आई, तुम्ही मीठ धुता?"

"मग?" सासूबाई आतूनच म्हणाल्या. "न धुता घालू? एकदा काळा खडा निघाला होता त्यात, हा एवढा. तांदूळ धुतो, भाजी धुतो, फळं धुतो. मिठानंच काय घोडं मारलंय?"

"विरघळतं ना पण."

"थोडं जातं. जाऊ दे. वरची घाण तर निघते."

तिला हसू आलं आणि रडूही आलं. ती आत येऊन खुर्चीवर बसली.

"आई, आयोडीन पण वरच असतं. खड्यांवर फवारलेलं. तुम्ही घाण म्हणून जे धुता, त्याच्याबरोबर तेही जातं."

"ते काय असतं?"

"औषधासारखं समजा."

"औषध? मिठात?" सासूबाईंनी चहाची किटली तशीच धरून विचारलं. त्या चिडल्या नव्हत्या. त्यांना खरंच कळेना. "सगळ्या देशाला मिठातून औषध? सगळे आजारी आहेत?"

"आजारी पडू नयेत म्हणून."

"कसला आजार पण?"

हे उत्तर तिला पाठ होतं. बायकांच्या बैठकांत, शाळांच्या ओसरीवर, दवाखान्याच्या रांगेत तिनं ते इतक्या वेळा दिलं होतं की झोपेतही तोंडातून निघालं असतं. पण समोर ताई भिंतीला टेकून बटणांचा डबा उघडत होत्या. तिनं सोपं टोक आधी धरलं.

"गळ्याला गाठ येते. सूज. ती येऊ नये म्हणून."

सासूबाईंचा हात रुमालाकडे गेला. त्यांनी चहा ओतला, तिच्यापुढे कप ठेवला आणि समोर बसल्या.

"ही?"

"हो."

"आमच्या गावाला सगळ्याच बायकांना होती की. माझ्या आईला होती, सासूला होती. आम्हाला वाटायचं, वय झालं की येते. पांढऱ्या केसांसारखी."

"तुमच्याकडच्या मातीत, पाण्यात ते नव्हतंच, आई. डोंगराळ भाग. वरून सगळं वाहून गेलेलं. म्हणून तर मिठात घालायला लागले. मीठ कुणालाच चुकत नाही."

"हुशार आहेत," सासूबाई म्हणाल्या. खरोखर मनापासून म्हणाल्या. चहाचा घोट घेतला. मग कप खाली ठेवला. "पण एवढ्यासाठी तू काम टाकून धावत आलीस? गळ्याच्या गाठीसाठी? त्यानं काही मरत नाही कुणी. मी आहे ना जिवंत."

तिनं कप जवळ ओढला.

"खरं सांग. याला काही होणार आहे का?" सासूबाईंनी तिच्या पोटाकडे हनुवटी केली.

"नाही. वेळेत कळलं. दुपारचं जेवण तर मी केंद्रातलंच जेवते, तिथलं मीठ चांगलं आहे. उद्या मोठ्या सिस्टर तपासतील, डॉक्टरही बघतील. फक्त इथून पुढे धुवायचं नाही."

"आणि कळलं नसतं तर?"

खिडकीखालून भंगारवाल्याची गाडी खडखडत गेली.

"पोटातल्या बाळाचं डोकं घडायला ते लागतं, आई. अगदीच मिळालं नाही, तर राहून जातं. कान, बोलणं, उंची."

बोलता बोलताच तिला ते ऐकू आलं. कान, बोलणं, उंची. तिनं काही वेगळं सांगितलंच नव्हतं. भिंतीला टेकून बसलेल्या माणसाचं वर्णन केलं होतं. ताईंनी निळ्या बटणांची ओळ पूर्ण केली आणि भिंगरीकडे बघून मान डोलावली.

सासूबाईंनी ताईंकडे पाहिलं नाही. त्या स्टुलाकडे बघत होत्या.

"मी पडले होते," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे."

"शिडीवरून. सगळे म्हणत होते, चढू नको, चढू नको. सासरे म्हणाले, नवरा म्हणाला. मला वाटलं, दोन पायऱ्या तर आहेत." त्यांनी कपाची कड बोटानं पुसली. "ती झाली ना, तेव्हा कुणी काही बोललं नाही मला. एक अक्षर नाही. पण शिडी मात्र घरातून हलवली."

"आई, पडल्यामुळे हे असं होत नाही."

"तू होतीस तिथे?"

"नव्हते. आणि आता खात्रीनं कुणीच सांगू शकणार नाही. पण..." ती थांबली. मग तिनं विचारलं, कारण तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. "तुमच्या गावात ताईंसारखं आणखी कुणी होतं?"

सासूबाईंच्या कपाळाला आठी पडली. त्या आठवू लागल्या, जसं कुणी जुन्या गल्लीतून दारं मोजत जावं तसं.

"गिरणीवाल्याचा मधला. तो चालायचाच नाही नीट. मग विहिरीपाशी त्या दोघी बहिणी, मुक्या. मास्तरीणबाईंची एक होती, लहानपणीच गेली. खालच्या आळीला तो, काय बरं त्याचं... सगळे त्याला बाळ्याच म्हणायचे, म्हातारा झाला तरी." बोटं मिटत गेली. एक हात संपला, दुसरा सुरू झाला. मग मध्येच थांबला.

त्यांनी मान वर केली. चेहऱ्यावर दुःख नव्हतं. एखादा हिशेब इतकी वर्षं चुकत आला आणि आता कुठे चूक सापडते आहे, तसं काहीतरी होतं.

"सगळ्यांच्या आया कशा पडतील शिडीवरून?" त्या म्हणाल्या.

तिनं बशी त्यांच्यापुढे सरकवली.

सासूबाईंनी हात पुढे केला.

"दे बघू ती बाटली."

त्यांनी पिशवीतला एक खडा उचलून बशीत ठेवला. बाटली कशी दाबायची ते त्यांना कळेना. तिनं त्यांच्या बोटांवर आपली बोटं ठेवून दाबलं. थेंब पडला. निळा रंग खड्याच्या एका बाजूनं चढला आणि पसरला. सासूबाई तो रंग पूर्ण चढेपर्यंत बघत राहिल्या.

"इतकंच?"

"इतकंच."

"एवढंसं?" त्यांनी आणखी एकदा विचारलं, पण ते तिला विचारलेलं नव्हतं.

मग त्या उठल्या. बरणी धुतली, फडक्यानं आतून कोरडी केली, पिशवीतलं मीठ तसंच, न धुता, तीत ओतलं आणि झाकण घट्ट लावलं. गॅलरीतली चादर चारी टोकांनी उचलायला गेल्या, तशा ताई ओरडत मध्ये आल्या. चादरीवर दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या. त्यांचं काम होतं ते. सकाळपासून कबुतरं हाकलली होती.

"राहू दे," सासूबाई म्हणाल्या. ताईंच्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाल्या, "तुझंच आहे. खेळ."

आणि मग, उभ्याउभ्याच, त्यांनी ताईंच्या डोक्यावरून हात फिरवला. पुन्हा फिरवला. ताईंना गुदगुल्या झाल्या, त्या खिदळल्या आणि खाली बसून मिठात बोटानं गोल काढू लागल्या. सासूबाई आत निघून गेल्या. आतल्या खोलीचं दार त्यांनी लावलं नाही, नुसतं ओढून घेतलं.

गॅलरीच्या उंबऱ्यावर ती बसून राहिली. पोटात काहीतरी हललं, मासोळी वळावी तसं. तिनं तिथे तळवा ठेवला. भिंगरी येऊन तिला टेकली. आत्याच्या बोटाकडे बघत ती बराच वेळ गप्प होती, आणि भिंगरी गप्प असली की आत काहीतरी शिजत असतं, हे तिला अनुभवानं ठाऊक होतं.

"आई."

"हं."

"आत्या आजीच्या पोटात होती, तेव्हा निळं होणारं मीठ असतं, तर ती बोलली असती?"

"बहुतेक."

"तुझ्याएवढी उंच झाली असती?"

"झाली असती."

"तुझ्यासारखी कामावर गेली असती? सकाळी गेली असती, आणि अंधार पडल्यावर आली असती?"

"हो, तीही गेली असती."

गॅलरीत ताईंनी मिठाचे दोन सारखे ढीग केले. एक आपल्यापुढे ओढला, दुसरा रिकाम्या जागेपुढे सरकवला, आणि मान वळवून भिंगरीला हाक मारली. हाक म्हणजे एक लांबलचक आवाज. पण तो भिंगरीचाच, दुसऱ्या कुणासाठी त्या तो काढत नसत.

भिंगरी उठली. दोन पावलं गेली आणि परत फिरली.

"मग आई," तिनं विचारलं, "ती माझ्याशी खेळली असती?"